वाइन, चॉकलेट आणि वहिनींची जीभ

नाशिकला फेब्रुवारीत जावं. पहाटे शाल लागते, दुपारी ऊन चटका देतं, आणि गंगापूर रोडला सोमेश्वर मागे पडलं की थोड्याच वेळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी चाललेले मळे दिसू लागतात. शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांगही दिसते, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

व्हॅलेंटाइनचा आठवडा होता, त्यामुळे एका वायनरीत ‘वाइन आणि चॉकलेट’ चाखायचा कार्यक्रम होता. दादाने पैसे भरले होते. वहिनी नुसत्या बघायला म्हणून आल्या होत्या, पण त्या टेबलावर खऱ्या जाणकार त्याच होत्या. त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरची द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी रोग, अवकाळी हे ऐकतच त्या मोठ्या झाल्या. बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची. वाइनच्या द्राक्षाकडे त्या जरा कीव आल्यासारखंच बघतात: बारीक मणी, जाड साल, आत बिया. पण रेड वाइनचा सगळा जीव त्या सालीत आणि बियांतच. रस त्यांच्यासकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो आणि तुरटपणा देणारं टॅनिनही.

पहिली जोडी शिराझ ही रेड वाइन आणि ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट. चॉकलेट खाऊन वर घोट घेतला आणि वहिनी माझ्याकडे वळल्या, “भावजी, तुरट झालं हो हे. चॉकलेटच्या आधी बरं होतं.”

दादाने ऐकलं नाही असं दाखवलं.

वहिनींचं बरोबर होतं. कोकोतही कडू-तुरट द्रव्यं असतात, रेडमध्येही. दोन्ही एकत्र आली की जीभ कोरडी पडते. त्यात चॉकलेटमधली साखर. जिलेबीनंतरचा चहा जसा अगोड लागतो, तशी गोडावर घेतलेली ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन आंबट आणि कडू लागते, तिच्यातलं फळ हरवतं. म्हणून वाइन निदान चॉकलेटइतकी तरी गोड हवी. पोर्तुगालच्या पोर्टचं चॉकलेटशी जमतं ते याच कारणाने: रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. दक्षिण फ्रान्सची बान्यूल्सही तशीच. ड्राय रेड आणि चॉकलेट ही जोडी जाहिरातीत शोभते, तोंडात नाही. ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे फार कमी साखरेची फेसाळ वाइन, तर त्याहून वाईट. ती चॉकलेटवर नुसती धारदार आंबट लागते.

शेवटी आली लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां, ही गोड व्हाइट वाइन. यासाठी घड नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवरच ठेवतात. मण्यातलं पाणी कमी होतं, साखर दाटते.

“म्हणजे बेदाण्याच्या वाटेला लागलेलं द्राक्ष,” वहिनी म्हणाल्या. समोरची मुलगी हसली. तिच्या पाठ केलेल्या माहितीत इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

ही जोडी जमली, पण सगळ्या चॉकलेटांशी नाही. ७० टक्क्यांच्या कडूपुढे वाइनचा मध-जर्दाळूचा स्वाद दबला. व्हाइट चॉकलेटबरोबर नुसता गोडाचा मारा. मिल्क चॉकलेटशी छान, आणि संत्र्याची साल घातलेल्याशी सगळ्यात छान. एक मात्र पाळायचं: ही वाइन थंड देतात आणि कोकोबटर तोंडाच्या उबेनेच विरघळतं. घाईने घोट घेतला तर ते जिभेवर थिजतं. चॉकलेट आधी पूर्ण विरघळू द्यावं, मग घोट.

येताना लेट हार्वेस्ट घेतलीच, शिवाय एक सोव्हिन्यों ब्लां, ही ड्राय व्हाइट. संध्याकाळी घरी ती उघडल्यावर वहिनींनी कोंडाजीचा चिवडा पुढे केला. मीठ, तेल, तळलेला कांदा आणि त्यावर ती आंबटसर, गार वाइन! मिठाने तिचा आंबटपणा मऊ झाला आणि तिने तेल धुऊन नेलं. दिवसभरातली सर्वांत चांगली जोडी हीच, आणि तिच्यासाठी कोणी तिकीट लावलं नव्हतं.

दादाला मग उत्साह आला. “उद्या मिसळीबरोबर रेड घेऊन बघू.”

“मुळीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “झणझणीत रश्श्यावर दारू म्हणजे आगीत तेल. मिसळीबरोबर ताक घ्या.”