तिसरं किलोमीटर अखेर सरलं: पोटरी, क्लीट आणि दुसरी पाळी

रविवारी ४० किलोमीटर सायकल आणि त्याला जोडून ८ किलोमीटर धावणं झालं, आणि डावी पोटरी एकदाही बोलली नाही. सोलापुरातून हैदराबाद रोडनं बोरामणीपर्यंत जाऊन-येऊन, मग एमआयडीसीतल्या त्याच एक किलोमीटरच्या सपाट फेऱ्यावर ८ चकरा. वेग किलोमीटरला ६:१० मिनिटं, म्हणजे मिरवण्यासारखं काही नाही. पण सात आठवडे ब्रिक (ट्रायथलॉनच्या सरावातली सायकल आणि लगेच धावणं अशी जोड) पुन्हा पुन्हा २.८ ते ३.२ किलोमीटरच्या मध्ये कुठंतरी बंद पडत होती, तेव्हा हे ८ म्हणजे दिवाळीच.

मागच्या नोंदीतला वॉक-रन तक्ता ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, नुसतं धावताना काही दुखत नव्हतं. ताज्या पायानं १० किलोमीटर आरामात. नुसती सायकल ६० किलोमीटर, तीही आरामात. दोन्ही जोडली की तिसऱ्या किलोमीटरला पोटरीच्या खालच्या अर्ध्यात, आतल्या बाजूला, दोरी पिळल्यासारखं आवळायचं. चालायला लागलं की दोन मिनिटांत कमी, पुन्हा धावलं की पुन्हा तेच. दुखणं दहापैकी ४. मी धरलेला नियम असा: धावताना ३ पर्यंत चालेल, आणि २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवं. ४ म्हणजे थांबायचं. थांबलो.

आधी दुखणारा स्नायू कोणता ते ठरवायला हवं, नाहीतर व्यायाम भलत्याचेच होतात. पोटरीत दोन मोठे स्नायू. वरचा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, खालचा चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि काम खालच्यावर येतं. म्हणून चाचणी सोपी: एका पायावर टाच उचला, एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा साधारण ३० अंश वाकवून. ताठ गुडघ्यानं २५ निघाल्या, वाकवून १४ व्या वेळेला नेमकी तीच जागा धरली. म्हणजे सोलियस. (पोटरी सुजलेली, गरम, बसल्या-बसल्याही दुखणारी असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर टाचा मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते.)

सोलियस म्हटल्यावर सायकलवरचा संशय बळावला, कारण पेडल मारताना गुडघा कधीच पूर्ण ताठ होत नाही. घोटा स्थिर धरायचं काम दीड तास तोच करतो. मग उतरल्यावर त्यालाच धावायला लावायचं.

पहिला बदल क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला लागून पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा. क्लीट जितकी बोटांकडे, तितका घोट्यापासून पेडलच्या आसापर्यंतचा तरफेचा हात लांब, आणि तितकं पोटरीवर काम जास्त. ती मागे, टाचेकडे घ्यायची. पद्धत: बूट घालून अंगठ्यामागच्या उंचवट्याची आणि करंगळीमागच्या उंचवट्याची जागा बाहेरून चाचपा, दोन्हीकडे टेप लावून खूण करा. दोन खुणांच्या मध्याच्या ५ ते १० मिलिमीटर मागे क्लीटचा मध्य आणा. इथं तो मध्याच्या २ मिलिमीटर पुढेच निघाला, म्हणजे धावपटूच्या पोटरीसाठी उलटाच. ७ मिलिमीटर मागे सरकवली, त्यापुढे बुटाची खाच संपली. जुन्या जागेची बाह्यरेषा मार्करनं आधी काढून ठेवा, नाहीतर परतायचं म्हटलं तर अंदाजानं परतावं लागतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा टिपका, ४ मिलिमीटरची ॲलन की, ५ ते ६ न्यूटन मीटर.

याची किंमतही आहे. बूट पुढे सरकतो, त्यामुळे हळू वेगात हँडल वळवलं की बोटं पुढच्या चाकाला घासतात. सात रस्ता चौकात वळताना हे कळण्यापेक्षा आधी अंगणात वळून बघा.

क्लीटबद्दल बोलतोच आहोत तर. ऑनलाइन मागवलेली पहिली जोडी नकली निघाली. दिसायला पिवळीच, पण प्लॅस्टिक मऊ, आणि दुसऱ्यांदा काढतानाच बोल्टचं डोकं गोल झालं. शिमानोच्या एसपीडी-एसएल क्लीटमध्ये लाल म्हणजे टाच डावी-उजवीकडे फिरायला ० अंश मोकळीक, निळी २, पिवळी ६ अंश. पोटरी किंवा गुडघा सावरत असताना पिवळीच घ्या. लाल लावून ‘प्रो’ दिसण्याच्या नादात एकाचा गुडघा गेलाय, नाव सांगत नाही. अस्सल जोडी शेवटी पुण्याहून कुरिअरनं आली, दोनशे रुपये जास्त गेले, त्याचं दुःख नाही.

दुसरा बदल सॅडलचा. इथं एक घोळ झाला आणि त्यात दोन आठवडे वाया गेले: क्लीट आणि सॅडल एकाच संध्याकाळी बदललं. पुढची ब्रिक ३.६ किलोमीटरपर्यंत गेली, पण कशामुळे गेली ते कळायला मार्ग नाही. आणि वर गुडघ्याच्या वाटीखाली नवीनच कुरकुर, कारण सॅडल एकदम १२ मिलिमीटर खाली गेलं होतं. दोन्ही मूळ जागी आणून पुन्हा एकेक केलं. एका वेळी एकच गोष्ट बदला हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पाना हातात आला की सगळे विसरतात.

सायकल ट्रेनरवर (जागेवरच चालवायच्या स्टँडवर) लावून, मोबाइल बाजूला क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये बघितलं. पेडल तळाला असताना टाच पेडलपेक्षा बरीच वर, बॅलेत उभं राहिल्यासारखी. सॅडल उंच असलं की शरीर तळाशी पोचण्यासाठी घोटा ताणतं, आणि तो ताण धरून ठेवतो पुन्हा सोलियसच. क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत ७३८ मिलिमीटर होतं. ३ मिलिमीटर क्लीट मागे गेल्याचे, मग आठवड्याच्या अंतरानं ३ आणि २, असं करत ७३० वर आलं. गुडघा शांत राहिला. ब्रिक ५ किलोमीटर, दुखणं १.

इथं ही नोंद संपली असती. पण पुढच्या गुरुवारी सगळं तेच ठेवून, तोच मार्ग, तोच वेग, आणि २.९ किलोमीटरला पोटरीनं पुन्हा तस्संच धरलं. तिथेच कठड्यावर बसण्यापलीकडे काही उरलं नाही.

शेवटी वही काढून सगळ्या ब्रिक एकाखाली एक लिहिल्या. ज्या फसल्या त्या सगळ्या गुरुवारच्या, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातल्या. माझी टॉवेलच्या कारखान्यातली दुसरी पाळी ३ ते ११, सिमेंटच्या फरशीवर उभ्यानं, मागांच्या ओळींतून येरझाऱ्या. रात्री ११ ला पाय सुटले आणि पहाटे साडेपाचला सायकलवर, म्हणजे मध्ये साडेसहा तास. ज्या जमल्या त्या रविवारच्या, शनिवारी पहिली पाळी ३ ला संपल्यानंतरच्या. मध्ये साडेचौदा तास. सोलियस हा उभं राहण्याचाच स्नायू. तोल सांभाळायला तो सतत थोडा-थोडा आवळलेला असतो. आठ तासांचं उभं राहणं व्यायामाच्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते मोजलंच गेलं नव्हतं.

खात्री करायला पाळीच्या आधी आणि नंतर वाकल्या गुडघ्यानं टाचा मोजल्या. आधी २७, नंतर १८. तिसऱ्या दिवशी आधी २६, नंतर १७. इतका फरक एका १० किलोमीटरच्या धावण्यानंतरही पडत नाही.

त्यावरून नियम केला: पाय सुटल्यापासून १२ तास झाल्याशिवाय ब्रिक नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ब्रिक सोमवारी सकाळी, कारण रविवारची सुट्टी मध्ये येते. गुरुवारी पोहणं. पहिल्या पाळीत रविवार. रात्रपाळीच्या आठवड्यात ब्रिकच नाही, फक्त संध्याकाळी तलाव, आणि झोप मिळेल तितकी.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय की तासांचा नियम तरी का? मागावर माणूस कमी असला की येरझाऱ्या दुप्पट होतात, तेव्हा १२ तास पुरणार नाहीत. एखाद्या दिवशी बसून हिशेबाचं काम आलं तर ८ ही पुरतील. त्यापेक्षा मोजणीच फाटकाला लावावी: सकाळी सायकल काढण्याआधी डाव्या पायावर २० टाचा. २० निर्मळ निघाल्या तर ब्रिक. १५ ला आवळायला लागलं तर नुसती सायकल किंवा तलाव. २० वर थांबायचं, कमाल आकडा काढायचा नाही, नाहीतर चाचणीच दमवेल. या सोमवारपासून हेच करतो, १२ तासांचा नियम रद्द.

कारखान्यातले उपायही चालू आहेत. सपाट झिजलेल्या चपला जाऊन १० मिलिमीटर ड्रॉपचे (टाच बोटांपेक्षा तितकी उंच असलेले) जुने धावायचे बूट आले. टाच वर राहिली की पोटरीवरचा ताण कमी होतो. उलट ४ मिलिमीटरच्या बुटांचं सध्या सगळीकडे कौतुक चाललंय, त्यांत पोटरी जास्त राबते, तेव्हा सावरताना ते कपाटातच ठेवा. जिथं जास्त वेळ उभं राहावं लागतं तिथं जाड रबरी मॅटचा तुकडा, आणि एक वीट. विटेवर आळीपाळीनं एकेक पाय. ब्रिक सेशन म्हणजे काय विचारणाऱ्यांना आता हेच दाखवतात.

ताकदीचं थोडक्यात: बसून टाच उचलणं, एक पाय, मांडीवर गुडघ्याजवळ वजन, दिवसाआड. ३ सेकंद वर, ३ सेकंद खाली, ८ चे ४ संच. जिमचं मशिन नसेल तर २५ किलोचं तांदळाचं पोतं टॉवेलची घडी घालून मांडीवर. सुरुवात २० किलोनं, आता ४५. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना आखडलं असेल तर वजन वाढवायचं नाही. धावण्याच्या दिवशीच, धावून झाल्यावर करा, म्हणजे मधला दिवस खरंच मोकळा मिळतो.

पोहण्यात मात्र एक सापळा आहे, पाय दुखतोय म्हणून पोहायला गेलेल्यांसाठीच. २५ मीटरच्या तलावात २ किलोमीटर म्हणजे ७९ वेळा भिंतीला लाथ, आणि लाथ म्हणजे पोटरीची उडीच. पहिले तीन आठवडे पुल बॉय (मांड्यांत धरायचा तरंगता तुकडा) लावून, भिंतीला फक्त उजवा पाय. किक मारताना बोटं टोकदार ताणून ठेवली की पोटरीत गोळा येतो, घोटा सैल सोडा. मे महिन्यात तलावात सुट्टीची पोरं इतकी असतात की सरळ २५ मीटर मिळणं हाच व्यायाम.

उन्हाचं वेगळं लिहायचंय, आज नाही. एवढंच की रविवारी सहा वाजून गेल्यावर पाण्याचा हिशेब ताशी ७५० मिलिलिटरवर गेला, आणि तरी वजन १.१ किलोनं उतरलं. बाटलीत ओआरएस, लिटरला एक पाकीट. गोळे येण्याचं सगळं खापर मिठावर फोडणाऱ्यांनी आधी वरचं सॅडल वाचावं. आणि मनगटावरच्या घड्याळाचे धावतानाचे ठोके मानू नका. घामानं पट्टा सैल झाला की ते पावलं मोजून १७० दाखवतं. छातीचा पट्टा लावला तर त्याच धावेत १५१. पट्टा दर वेळी धुवा, मिठानं तो दोन महिन्यांत मरतो.

बाभळीचे काटे: सर्व्हिस रोडवर या आठवड्यात दोन. सीलंटनं (टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवानं) दोन्ही वेळा धरलं. या उकाड्यात ते लवकर आटतं, दोन महिन्यांनी टायर उघडून बघा.

आता पुढचं. गोव्याच्या आयर्नमन ७०.३ ट्रायथलॉनचा विचार होता, २०१९ ला सुरू झाल्यापासून सोलापुरातून जाणाऱ्यांची गप्पांत तीच एक रेस असते. १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकल, २१.१ धावणं, एकूण साडेआठ तासांची मुदत. सध्याच्या हिशेबानं महिन्यात ब्रिकचे तीनच दिवस हाताशी आहेत, आणि २१ किलोमीटर धावणं तीन दिवसांवर उभं राहत नाही. त्यामुळे यंदा आधी ऑलिंपिक अंतर, १.५, ४० आणि १०. त्यातलं ४० आणि ८ झालंच आहे. पुढच्या ब्रिकला १० करायचं, वेग न वाढवता, आणि सायकलची शेवटची १० मिनिटं हलक्या गिअरवर ९० च्या कॅडन्सनं (मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या), म्हणजे पाय आधीच सुटे होतात. ६० आणि १० त्यानंतरच.

नव्या क्लीटचे बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. डावे झाले, उजव्याचे तीन राहिलेत.