लिस्टमध्ये टाकलंय

परवा दुपारी फोनमधली जागा संपली म्हणून काय काय उडवता येईल ते बघत बसले होते. जुन्या गप्पा चाळताना ध्यानात आलं, की एकाच मैत्रिणीने मला 'लिस्टमध्ये टाकलंय गं' हे वाक्य सहा वेळा पाठवलंय. सहा निरनिराळ्या गोष्टींसाठी. त्यातली एकही तिने अजून बघितलेली, ऐकलेली किंवा खेळलेली नाही, पैजेवर सांगते. लिस्टमध्ये टाकणं म्हणजे सभ्य माणसांचं 'नको'.

तिचं काही चुकत नाही म्हणा. खोड माझीच. जे सगळ्यांनी बघितलंय ते मी कुणाला सुचवत नाही. ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, नेमकं तेच गळ्यात मारते. वर शेजारी बसते. पडद्याकडे नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. 'थांब, आता येईल' असंही म्हणते. मला कुणी असं केलं असतं तर मी उठून गेले असते.

'द नाइट ऑफ द हंटर' मी असा तिघांना दाखवलाय. 1955चा, कृष्णधवल. चार्ल्स लॉटन नट म्हणून गाजलेला, पण दिग्दर्शक म्हणून त्याचा हा एकच सिनेमा. तो पडला आणि गड्याने पुन्हा दिग्दर्शनाचं नाव काढलं नाही. एका हाताच्या बोटांवर 'प्रेम' आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर 'द्वेष' गोंदवलेला एक भोंदू धर्मोपदेशक आणि त्याच्यापासून पळणारी दोन भावंडं. ती रात्री होडीतून नदीत निसटतात. आपल्या अगदी नाकासमोर कोळी किड्याचं जाळं, मग बेडूक, मग ससे, आणि त्यांच्यापलीकडे वाहत जाणारी ती एवढीशी होडी. बहीण गातेय. नदी स्टुडिओतली आहे हे लपत नाही, लपवायचंही नसावं. लहानपणी स्वप्नातल्या नद्या अशाच असतात.

तिघांपैकी एक झोपला. एकीने विचारलं, 'नदी खोटीय ना?' तिसऱ्याने काही न बोलता तेवढा प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. त्या माणसाशी माझं कशावरूनही वाजतं, पण त्याला शंभर गुन्हे माफ.

भाचीला 'इको' खेळायला दिला तेव्हा मात्र मी मुद्दाम खोलीबाहेर थांबले. 2001चा जुना गेम. तिने आतूनच विचारलं, 'मावशी, यात पॉइंट कुठे दिसतात?' दिसतच नाहीत. पडद्यावर आकडा नाही की जिवाची पट्टी नाही. डोक्यावर शिंगं असलेला एक मुलगा, जिची भाषा त्याला कळत नाही अशी एक मुलगी आणि प्रचंड मोठा किल्ला. एक बटण दाबून धरलं की तो तिचा हात धरतो. सोडलं की हात सुटतो. दोघं एका दगडी बाकावर शेजारीशेजारी बसली की खेळ सेव्ह होतो. तासाभराने डोकावले तर त्या किल्ल्यात कुणीही पाठलाग करत नव्हतं, तरी भाचीचं बोट बटणावर घट्ट. नख पांढरं पडलेलं. 'अगं, आता सोड की.' 'नको. सोडलं की ती सावल्यांची माणसं तिला नेतात.' मी गुपचूप दार ओढून घेतलं.

व्हॅश्टी बन्यन या गायिकेचा पहिला अल्बम 1970मध्ये आला. कुणी विचारलं नाही, म्हणून तिने गाणंच सोडलं. 2000मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा लोकांनी उचलून धरला, आणि दुसरा आला 2005मध्ये. मधली तीस वर्षं कुणीतरी माझ्यासारखंच 'थांब, आता येईल' म्हणत शेजारी बसलं असणार.

माझ्या शेजारी मामा बसायचा. मी नऊ वर्षांची असताना त्याने मला गाणी भरून एक कॅसेट दिली होती. चुकून त्यावर काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्याने मोडून टाकल्या होत्या. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि सुरुवातीलाच ठळक बातम्या वाचल्या, आवाज घोगरा काढून. मामाने विचारलं, 'ऐकलीस? कुठलं आवडलं?' मी ठोकून दिलं, 'शेवटचं.' त्याचा चेहरा असा उजळला! 'शेवटचंच! सगळे पहिलं म्हणतात.'

मामा आता नाही. कॅसेट आहे. बातम्या संपतात, खट्ट होतं आणि एका शब्दाच्या मधूनच ते पहिलं गाणं सुरू होतं. पुढचं सगळं मला पाठ आहे. सुरुवात कधीच ऐकलेली नाही, नावही ठाऊक नाही. ज्याला त्याला ऐकवून झालं, ओळखत कुणीच नाही.

काल तेवढा तुकडा मैत्रिणीला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात. बघू.