ताप उतरला तरी मलेरियाच्या गोळ्या चालूच ठेवा

घोडबंदरला आमच्या शेजारी टॉवरचं काम चाललंय, स्लॅबवर क्युरिंगचं पाणी तुंबलेलं, आणि त्यात अळ्या पाण्याच्या वरच्या थराला अगदी आडव्या चिकटलेल्या, म्हणजे मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डासच, डेंग्यूवाल्या डासाच्या तिरक्या लटकतात. रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला आणि आपण अजून टाक्या उघड्या ठेवतो, खरंच राग येतो! त्यात व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया झाला की ताप उतरल्यावर लोक प्रायमाक्विन, म्हणजे लिव्हरमधले जंतू मारणारी गोळी, सोडून देतात, पण जंतू लिव्हरमध्ये दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत ताप. डॉक्टरांनी दिलेला 14 दिवसांचा कोर्स पूर्ण करायचाच, जीसिक्सपीडी टेस्टचंही (ही गोळी आपल्या रक्ताला सोसेल का ते बघणारी तपासणी) त्यांना विचारा. आमच्या वॉचमनकाकांचा कोर्स चालू आहे, येताजाता विचारते, काका गोळी घेतलीत ना?