जुन्या गाडीची मागची काच: जर्मनीतली पद्धत, खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडे मागची काच फुटली की गाडी काचवाल्याकडे जाते, चहा-फराळ होईपर्यंत काच बसते आणि मजुरीचा आकडा कुणी लक्षातही ठेवत नाही. जर्मनीत हिशेब उलटा आहे. जुन्या मॉडेलची वापरलेली काच इथल्या भंगार यार्डात बऱ्यापैकी स्वस्तात मिळते, पण बसवून घ्यायची म्हटलं की मजुरी काचेवर चढते. म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या सांभाळणारे लोक तासावर भाड्याने मिळणाऱ्या गॅरेजात जाऊन हे काम स्वतः करतात. त्यांचा बहुतेक वेळ काचेवर जात नाही, काचेखालच्या पत्र्यावर जातो. आपल्याकडे घाईत नेमकी तीच पायरी सुटते, आणि दोन पावसाळ्यांनी डिकीत पाणी दिसायला लागतं.

आधी काचेचा स्वभाव. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली. तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते. मागची बहुतेक गाड्यांत टफन्ड. ती सुमारे ६००-६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहतं. मधोमध चापट मारा, सहन करेल. कडेला मात्र छोटासा टवका उडाला तरी तो ताण सुटतो आणि सगळ्या काचेचा साखरेसारखा चुरा होतो. अशा काचेला दुरुस्ती नाही, ती कापता येत नाही, तिला नंतर भोकही पाडता येत नाही. कुणी रेझिन भरून देतो म्हणाला तर गाडी वळवून घरी आणा.

फुटण्याची कारणं दोन्हीकडे थोड्याफार फरकाने तीच. डिकीत बाहेर आलेला पाइप किंवा केळीचं क्रेट ठेवून दार आपटणं, रिव्हर्स घेताना खांब, गारपीट. रावेर-यावलकडच्या लोकांना गारा काय करतात हे सांगायला नको. पण एक कारण कुणी धरत नाही: रबराखाली गंज फुगतो आणि काचेच्या कडेला आतून रेटत राहतो. मग उन्हात उभी केलेली गाडी दुपारी ‘आपोआप’ फुटते. काच आपोआप फुटली असं वाटत असेल तर नवी बसवण्याआधी पत्रा बघा, नाहीतर तीही जाईल.

चुरा काढताना हातमोजे आणि चष्मा घाला. व्हॅक्युमने सीटच्या फटी, मागच्या सीटबेल्टची गुंडाळी, स्पीकरची जाळी आणि डिकीच्या कडेचं पाणी जाणारं पन्हळ साफ करा. पन्हळीच्या भोकात चार तुकडे अडकले तर पावसाचं पाणी आत वळतं आणि दोष नव्या काचेला लागतो.

काच येईपर्यंत जाड पारदर्शक प्लास्टिक लावायचं असेल तर चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका. आधी मास्किंग टेप, तिच्यावर मजबूत टेप. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात नुसत्या टेपचा डिंक रंगात मुरतो आणि निघताना लॅकर घेऊन येतो. आणखी महत्त्वाचं: चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर उघड्या मागच्या खिडकीतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्या मागच्या बाजूने लांब जाऊ नका. जवळ जाणं भागच असेल तर पुढच्या काचा खाली आणि ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा.

विम्याचं थोडक्यात. जर्मनीत काचफुटी ‘टाइलकास्को’ या अर्ध-विम्यात येते. ठरलेली रक्कम, बहुधा १५० युरो, खिशातून जाते, पण या क्लेमने पुढच्या वर्षीची सूट कमी होत नाही. भारतात उलट आहे. सर्वंकष पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा शून्य धरतात, म्हणजे काचेचे पैसे घसाऱ्याची कपात न होता मिळतात. रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. आणि स्वतःच्या नुकसानीचा क्लेम घेतला की, संरक्षणाची वेगळी पुरवणी नसेल तर, नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. जुन्या मारुतीची काच साधी आणि स्वस्त असेल तर क्लेम न केलेलाच परवडतो. हप्ता आणि काच, दोन्ही आकडे कागदावर मांडून मग ठरवा.

आता काच कशावर बसली आहे ते ओळखा. अँबॅसडर, पद्मिनी, मारुती ८००, ओम्नी, जर्मनीतल्या जुन्या मर्सिडीज आणि गोल्फ यांच्या काचा रबरी बीडिंगमध्ये बसवलेल्या असतात. बाहेरून काच आणि पत्रा दोन्हींवर चढलेला जाड रबर दिसतो, कधी त्यात रबर घट्ट करणारी क्रोमची किंवा काळी लॉक-पट्टी. नंतरच्या गाड्यांत काच पीयू (पॉलियुरेथेन) या चिकट सीलंटने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि कडेला आतून काळा पट्टा भाजून छापलेला असतो. तो पट्टा शोभेचा नाही. उन्हाने पीयू खराब होतो, त्याला सावली द्यायला तो असतो.

काच मागवताना मॉडेल आणि वर्ष एवढं पुरत नाही. डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तापणाऱ्या रेघा) आहे का, अँटेना काचेतच छापली आहे का, वायपरचं किंवा वरच्या ब्रेकलाइटचं भोक आहे का, काच पांढरी की हिरवट, हे सगळं जुळलं पाहिजे. जर्मनीत दुकानदार आरसी-पत्रकातले २.१ आणि २.२ या रकान्यांतले आकडे विचारतो. आपल्याकडे चासी नंबर द्या. वापरलेली काच घेताना कडेवरून बोट नाही, हातमोजा फिरवा. कडेला नखाएवढा टवका असेल तर फुकटही घेऊ नका. कोपऱ्यातला शिक्का वाचा: युरोपात गोलातला ई आणि ४३ आर, भारतात आयएसआय खूण आणि आयएस २५५३. शिक्काच नसेल तर काच कशी तापवली, तापवली तरी का, कुणाला माहीत. नेताना काच उभी, जाड सतरंजीवर. फरशीवर कोपरा टेकला की संपलं.

खरं काम इथून सुरू होतं. जुना रबर काढल्यावर पत्र्याची जी कड उघडी पडते, तीत, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत, माती आणि ओल साचलेली असते. वरवरचा लालसर डाग असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि पूर्ण सुकू द्या. नुसतं रेड ऑक्साइड फासून वर रबर चढवला तर गंज आत वाढतच राहतो. पेचकसाचं टोक दाबल्यावर आरपार गेलं तर तिथे पुट्टी चालत नाही. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पुट्टी पाणी पिते आणि रबराच्या दाबाने फुटते. कड जिथे वाकलेली असेल तिथे हळू सरळ करा, कारण वाकडी कड काचेवर एकाच ठिकाणी ताण देते. आपल्याकडच्या काचवाल्याला सांगायची गोष्ट एकच: रबर काढल्यावर मला हाक मार, पत्रा बघितल्याशिवाय नवी काच उचलू नकोस.

रबरी बीडिंगच्या कामात रबर नवाच घ्या. जुना कडक झालेला रबर पुन्हा चढवला की कोपऱ्यात उचलतो. त्या मॉडेलसाठी साच्यात केलेला, कोपरे तयार असलेला रबर मिळाला तर मीटरवर मिळणाऱ्या पट्टीच्या वाटेला जाऊ नका. आधी रबर काचेवर चढवा, कोपरे नीट बसवा. मग रबराच्या ज्या खाचेत पत्रा जायचा आहे तिच्यात ४ ते ६ मिमी जाडीची नायलॉन दोरी सगळीकडून भरा. दोरीची लांबी काचेच्या घेरापेक्षा साधारण ६० सेंमी जास्त ठेवा आणि दोन्ही टोकं खालच्या मध्यावर १५-२० सेंमी एकमेकांवरून जातील अशी आत सोडा. खाच आणि पत्रा साबणाच्या पाण्याने ओला करा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतो.

दोन माणसं लागतात. बाहेरचा तळहाताने काच दाबतो, आतला दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची आतली पाळ पत्र्यावर चढत जाते. बाहेरच्याने दोरी जिथे निघते आहे तिथेच दाबायचं, पुढे धावायचं नाही. काच एका बाजूला सरकली तर जोर लावून नेऊ नका. काढा आणि पुन्हा मध्यावर धरा. बुक्की मारून बसवलेली काच संध्याकाळपर्यंत टिकते, मग रात्रीच्या गारव्यात जाते. लॉक-पट्टी शेवटी, साबण लावून. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारा बुटाइल मस्टिक (फट बुजवणारा चिकट लगदा) पातळ नोझलने भरा. सिलिकॉन नको. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा खातं. शिवाय त्याचा थर राहिलेल्या जागेवर पुढे काहीच धरत नाही.

चिकटवलेल्या काचेला वेगळी शिस्त. फुटली असली तरी तिच्या कडेचा पीयूचा जुना पट्टा पत्र्यावर तसाच असतो. तो खरवडून पत्रा उघडा करायचा नसतो. कटरने कापून १ ते २ मिमीचा सपाट थर ठेवायचा. नव्या पीयूला ताज्या कापलेल्या जुन्या पीयूइतकी चांगली पकड दुसरीकडे मिळत नाही. कटरने रंगावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर, नाहीतर तोच गंजाचा जन्म. काचेचा काळा पट्टा क्लीनरने पुसा, त्यावर काचेचा प्रायमर, आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मग व्ही आकाराने कापलेल्या नोझलने त्रिकोणी रेघ, बुडाशी सुमारे ८ मिमी, उंचीला १२. रेघ न तुटता पूर्ण घेर फिरली पाहिजे आणि जोड सरळ भागात यावा, कोपऱ्यात नाही. लहान काचेला ३१० मिलीचं एक नळकांडं पुरतं, तरी दोन हाताशी ठेवा. अर्ध्यात संपलं तर पहिल्या रेघेवर साय धरते आणि गळती तिथूनच लागते.

हवामान इथे फरक पाडतं. पीयू हवेतल्या ओलाव्याने पिकतो, दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी. जर्मनीत हिवाळ्यात ५ अंशांखाली कुणी हे काम काढत नाही आणि नळकांडं घरात कोमट करून आणतात. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पत्रा हाताला चटका देतो. प्रायमर लावता लावता उडतो, पीयूवर साय लवकर येते, पण कोरड्या हवेत आतला भाग सावकाश पिकतो. म्हणून काम सकाळी सातला, सावलीत. काच बसल्यावर टेपने धरून ठेवा आणि एक खिडकी दोन बोटं खाली ठेवा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. किती तासांनी गाडी हलवायची ते नळकांड्यावर छापलेलं असतं, काचवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या रांगेवर ठरत नाही.

डिफॉगरच्या रेघा म्हणजे काचेवर भाजलेली चांदीमिश्रित छपाई. बसवण्याआधीच मल्टिमीटरने तपासा. बॅटरीला जोडल्यावर एका टोकाला १२ व्होल्ट, मध्यावर सुमारे ६, दुसऱ्या टोकाला शून्य यायला हवं. एका रेघेवर व्होल्टेज अचानक कोसळत असेल तर तिथे ती तुटली आहे. दोन्ही बाजूंना टेप लावून चांदीच्या वाहक रंगाने भरता येते. मल्टिमीटरच्या टोकाला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा, नाहीतर तपासतानाच रेघ खरवडली जाते. आपल्याकडे डिफॉगर कशाला, असं वाटतं, पण पावसाळ्यात चरणमाळ घाटात मागचं काही दिसत नाही तेव्हा तोच लागतो. काळी फिल्म नव्या काचेवर लावून घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश जायलाच हवा, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्म लावायला बंदी घातली. शिवाय ती पुढे सोलताना रेघाही सोबत येतात.

शेवटी पाणी. रबरी बीडिंगची काच लगेच तपासता येते, पीयूची दुसऱ्या दिवशी. पाइपला झोत न ठेवता, खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर जा, प्रत्येक बाजूला काही मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. आत दुसऱ्या माणसाने कोरडा कागद कडेने दाबत फिरायचं. गालिचा आणि स्टेपनीचं चाक आधी काढून ठेवा, कारण पाणी गळतं वरच्या कोपऱ्यात आणि साचतं स्टेपनीच्या खड्ड्यात. तिथली रबरी बुचं जागेवर आहेत का तेही त्याच वेळी बघा.