जाताना सोळा घंटे, येताना चौदा

"गुरुजी, पोरगी जाताना सोळा घंटे इमानात होती, अन् येताना चौदाच घंट्यांत मुंबईत उतरली. रस्ता तर तोच न? मंग असं कसं?"

आता आमच्या घाटंजी तालुक्यातल्या खेड्यांतूनही मुलं अमेरिकेत न्यूयॉर्कशेजारच्या न्यूजर्सीला जातात आणि मी भूगोल शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, कारण प्रश्न खरोखर चांगला आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा पाहिला तर विमान अरबी समुद्र, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. पण शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. कझाकस्तान, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलंड, मग कॅनडा! तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. पोरं तो खाली आफ्रिकेकडे ओढून पाहतातच. ओढला की पुरत नाही. सगळ्यात जवळची वाट वरचीच. विमान नेमकं तिच्यावरूनच जाईल असं नाही, एखाद्या देशानं आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो.

आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. पैनगंगेच्या धारेविरुद्ध पोहलेल्याला वेगळं सांगायला नको. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर आणि वारा सरासरी 60 धरा. जाताना तो समोरून येतो, वेग 840 उरतो, पंधरा तास लागतात. येताना मागून ढकलतो, वेग 960 होतो, तेरा तास पुरतात. धावपट्टीवरचा वेळ आणि वळसे मिळवा, सोळा आणि चौदाचा हिशेब लागला.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 2016 चं. एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजारावर किलोमीटरनं वाढलं, 15,300 च्या घरात गेलं, तरी प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला. वारा पाठीशी होता!

तिकिटावरच्या वेळा वजा करून मात्र हे तास काढू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात रात्री एकला मुंबईहून निघालेली मुलगी सोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी साडेसातला तिथे उतरते, आणि इकडे आई म्हणते, साडेसहाच घंट्यांत पोचली. तिकिटावर 'ड्युरेशन' म्हणून वेगळा आकडा असतो, तो पाहा. आणि नागपूरहून मुंबई गाठून पुढे जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, पहिलं उशिरा पोचलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.