चार वाजताच्या वाऱ्यावर भाळून घर घेतलं त्याची गोष्ट

आधीच सांगते, उन्हाला घाबरणारी मी नव्हेच. लहानपण कोरड्या भागात गेलं, ४२-४३ अंशात सायकल हाणत शाळेत जायचो. त्यामुळे समुद्रकाठच्या गावी बदली झाली आणि मोबाईलवर ३२ अंश दिसले तेव्हा मी चक्क हसले होते. एसी गाडीतून खाली उतरले, चष्म्यावर धुकं चढलं, तो पुसेपर्यंत कपडे पाठीला चिकटलेले. हसू तिथेच संपलं.

झालं असं की कोरड्या हवेत घाम येतो आणि लगेच उडून जातो, आपल्याला कळतही नाही, आणि तो उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे हवाच आधी पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम नुसता वाहतो, वाळत नाही. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे सावलीतसुद्धा अंगाला साधारण ४१ सारखं वाटतं. म्हणजे मी जे आकडे बघून हसले ते अर्धेच होते.

पहिले दहा-बारा दिवस बेकार गेले. डोकं जड, मानेला घामोळं, नवऱ्याशी उगाच भांडणं (त्याचं म्हणणं ती हवेमुळे नव्हती, असो). मी चूक ही केली की घरी एसी २० वर, ऑफिसात एसी, मधे गाडीत एसी, त्यामुळे शरीराला शिकायला वेळच मिळाला नाही. ऑफिसातल्या एक सीनियर मॅडम म्हणाल्या, अगं रोज थोडं बाहेर फिर, पाणी पी, एक-दोन आठवड्यात अंग आपोआप जुळवून घेतं. आणि खरंच तसं झालं. आता घाम लवकर सुटतो पण पूर्वीसारखा खारट नसतो आणि गळून गेल्यासारखंही वाटत नाही.

आता घराचं. पहिलं भाड्याचं घर पंधरा मिनिटात पसंत केलं. सातवा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, हॉलमधून समोर समुद्र, एजंटने खिडकी उघडली आणि असा भन्नाट वारा आला की पंखासुद्धा लावून बघितला नाही. दुपारचे चार वाजले होते. हे चार लक्षात ठेवा.

राहायला गेलो त्या पहिल्याच रात्री वारा गायब. नऊ वाजले, दहा वाजले, पडदा हलेना. बेडरूमची भिंत मावळतीच्या बाजूची, तिला हात लावला तर तव्यासारखी गरम, वरून स्लॅब वेगळाच तापलेला, दिवसभर प्यायलेलं ऊन काँक्रीट रात्रभर खोलीत ओतत बसलेलं. तेव्हा अंधारात पडल्या पडल्या मला शाळेतला भूगोल आठवला. खारे वारे आणि मतलई वारे, कारणे द्या, दोन मार्क. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, दुपारी तो जोरात असतो आणि सूर्य मावळला की पडतो. रात्री उलटा जमिनीकडून वाहतो पण तो मुळात अशक्त, आणि दोन्हीच्या मधे काही तास काहीच हलत नाही. मार्क मिळाले होते हो मला पूर्ण, समजलं मात्र त्या रात्री.

बाकीचे प्रताप हळूहळू कळले. दाराच्या बिजागऱ्या दोन महिन्यात लालसर, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी बोट लावलं की भुगा व्हायची, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलं होतं तर मागून बुरशी आणि माझी चामड्याची पर्स हिरवी. समुद्र जेवढा जवळ तेवढं हवेतलं मीठ जास्त, हे साधं गणित कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

एग्रीमेंट संपल्यावर दुसरं घर शोधताना मात्र मी प्रत्येक घर दोनदा बघायचं ठरवलं, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. एजंट वैतागायचे. मी कपाटं उघडून आत डोकं घालायचे, एक जण म्हणालाच, मॅडम लोक घर बघायला येतात, तुम्ही वास घ्यायला येता. पण ओल आधी नाकालाच कळते, डोळ्यापुढे ताजा रंग मारून ठेवलेला असतो. ताज्या रंगाच्या घरात मी उलट जास्त वेळ थांबायचे, खिडकीखालची भिंत बोटाने ठोकायची, पोकळ आवाज आला की आत प्लास्टर सुटलंय. बाल्कनीचं छत तर आवर्जून बघायचं, तिथे तपकिरी ओघळ किंवा भेगा असतील तर मीठ आत शिरून सळई गंजलेली असू शकते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून काँक्रीट फुटून पडतं, आणि ते काही भाडेकरूच्या हातात नसतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर आहे का, पार्किंगच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ आहे का, तेही. आणि सगळ्यात कामाची चाचणी म्हणजे कागदाची पट्टी: समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या आणि आतल्या दारात पट्टी धरायची. एकाच बाजूला खिडक्या असतील तर समुद्र समोर असूनही पट्टी जेमतेम हलते. अकरा घरं झाली, नवरा सहाव्यानंतर यायचा बंद झाला.

शेवटी घेतलं ते दुसऱ्या मजल्यावर, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत, मावळतीला मोठं झाड, दोन्ही बाजूंना खिडक्या, बाथरूमला स्वतःची खिडकी. समुद्र दिसत नाही, नवरा अजून टोमणे मारतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलीत, ओले कपडे घरात वाळत घालत नाही, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलंय, ते ६० च्या बरंच वर गेलं की एसी थोडा वेळ ड्राय मोडवर. एरवी २६ आणि पंखा, तेवढ्यात भागतं. एसी घेताना खोलीपेक्षा मोठा घेऊ नका, तो खोली पटकन गार करून थांबतो, ओल तशीच राहते आणि गार पण चिकट असं विचित्र वाटत राहतं. बाहेरच्या युनिटला सर्व्हिसवाल्याकडून अधूनमधून साध्या पाण्याने धुवून घेते, मीठ बसून राहत नाही.

परवा जुन्या बिल्डिंगखालून चालले होते. सहज वर बघितलं तर सातव्या मजल्यावर तोच एजंट एका जोडप्याला बाल्कनीतून समुद्र दाखवत होता, त्या मुलीची ओढणी वाऱ्यावर मस्त उडत होती. घड्याळ बघितलं, चार वाजून दहा मिनिटं.