तुम्ही विचारलंत म्हणून: कारगिलच्या वेळी मी कामठीत होतो

२६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की शाळांमधून भाषणाची बोलावणी येतात. भाषण झालं की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, कारगिलला तुम्ही कुठे होता?" मी सांगतो, "कामठीत." पोरांचे चेहरे पडतात. एका गुरुजींनी तर "म्हणजे तुम्ही लढलाच नाहीत," असा निकालच देऊन टाकला. खरं आहे, नाही लढलो. पण विचारलंच आहे, तर नीट ऐका.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या नागपूरजवळच्या कामठी ट्रेनिंग सेंटरवर हवालदार होतो, रंगरुटांचा, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांचा, उस्ताद. ही रेजिमेंट १९४९ ची, कोण्या एका जातीची किंवा प्रांताची नाही. त्यामुळे एकाच बॅरकीत केरळचा, पंजाबचा, ओडिशाचा आणि आपला यवतमाळचा. बोलायची सगळ्यांची हिंदी, तीही ज्याची त्याची.

नवतपा सुरू होता. पारा पंचेचाळीसच्या आसपास, म्हणून उजाडायच्या आत पीटी आणि ऊन चढायच्या आत फायरिंग. आणि टीव्हीवर बर्फ! नागपूरची उंची जेमतेम हजार फूट, कारगिलचं टोलोलिंग शिखर पंधरा हजार. पोरं रात्री बातम्या बघायची आणि सकाळी विचारायची, "उस्ताद, वर श्वास घेता येत नाही म्हणे?" मी सांगायचो, कोणाला एकदम वर नेत नाहीत. नऊ हजार फुटांच्या पुढे आधी सहा दिवस, मग बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार, अशी शरीराला सवय लावतात. ते काम पुढचं. आधी इथं डोळा मिटू नकोस.

हे डोळ्याचं काय, तर एक पोरगा गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायचा. अशाची गोळी निशाण सोडून कुठेही जाते. त्याला रेंजवरून उठवून बॅरकीच्या सावलीत झोपवला, रिकामी रायफल दिली आणि नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. श्वास अर्धा सोड, थांब, ट्रिगर दाब. नाणं पडलं की पुन्हा. दुपारभर नाणं पडायचं, टण्ण. बाकीचे झोपलेले, हा घामानं भिजलेला, आणि मी शेजारी बसून पेपरात शहिदांची नावं वाचतोय. त्या यादीत आपण शिकवलेलं कोणी नाही ना, हे बघण्यासाठीच पेपर उघडायचो. दूरच्या लढाईतली माझी जागा म्हणाल तर तेवढीच.

आम्ही काही उस्तादांनी सुभेदार साहेबांकडे जाऊन सांगितलं, आम्हाला पलटणीत परत पाठवा. साहेब म्हणाले, "और इन बच्चों को कौन सिखाएगा, तुम्हारा चायवाला?" विषय संपला. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, साहेबही आतून आमच्यासारखेच कासावीस असणार, फक्त बोलण्याची सोय नव्हती.

सुट्ट्या बंद होत्या. घर नागपुरात, सोळा-सतरा किलोमीटरवर, तरी महिनाभर तोंड दिसलं नाही. शेजारच्या काकू बायकोला विचारायच्या, "साहेब तिकडे गेले का?" नाही म्हटलं की त्यांचाही चेहरा पडायचा.

जुलैअखेर लढाई थांबली, पण माणसांची गरज नाही थांबली. जिंकलेली शिखरं आता हिवाळ्यातही सोडायची नव्हती. त्यासाठी १ सप्टेंबरला लेहमध्ये लष्कराची नवी चौदावी कोअर उभी राहिली. आमच्या बॅचची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंगनंतरची शपथ, झाली, पोरांनी गोरा बाजारातून काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहून आणले आणि ती कामठी स्टेशनवरून आपापल्या पलटणींकडे निघाली.

नाण्यावाला पोरगा पलटणीबरोबर काश्मिरात गेला. हिवाळ्यात त्याचं आंतर्देशीय आलं. चकमक, बर्फ, थंडी यातलं त्यात काही नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की सेंटरच्या धोब्याचे पैसे माझ्याकडून द्यायचे राहिलेत, ते कोणी दिले का? मी दिले होते. तसं कळवलं, वर दोन शिव्याही लिहिल्या.